दिलेला नारळ

एकदा एक गुरू होत्या. होत्या असंच म्हणायचं आहे मला, होते नव्हे. नाव द्वारकाताई पेडणेकर, वय ऐंशीला टेकलेलं. त्यांचे शिष्य विद्याधर ताम्हाणे, वय सहासष्ट. आणि गुरुकुल म्हणजे गावाबाहेर, ज्येष्ठांसाठी फार पूर्वी वसलेली एक वसाहत. तिला वृद्धाश्रम म्हणालात तर तिथले लोक तुम्हाला चहासुद्धा विचारणार नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच आहे. तिथे बॅडमिंटन चालतं, नाटकं बसतात, भजनापेक्षा भांडणं जास्त रंगतात. मधोमध पोहण्याचा तलाव आहे. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या द्वारकाताई रोज सकाळी तिथे नवख्यांना पोहायला शिकवत.

ताम्हाणे पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंते. जन्मभर धरणं बांधली, पण पाण्यात कधी उतरले नाहीत, भीती वाटायची. मरण्यापूर्वी एकदा पाण्यावर उताणं तरंगत आकाश बघायचं, एवढीच इच्छा उरली होती. पण कित्येक महिने झाले तरी काठाची दांडी काही हातातून सुटेना. ताई म्हणायच्या, "ताम्हाणे, ती दांडी कुठे पळून जात नाही. तुम्हीच जरा जा."

त्या वर्षी वसाहतीच्या समितीने एक ठराव केला. ऐंशी पूर्ण करणाऱ्या सभासदाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, आणि सत्कारानंतर त्याने तलावात उतरायचं नाही. काळजीपोटी हो, सगळं काळजीपोटी. माणसाला घरात बसवायचं झालं की लोकांना एकदम त्याची काळजी वाटू लागते, हे मी पुष्कळ पाहिलं आहे. अध्यक्ष इनामदार मात्र खरोखरच सज्जन. ठराव त्यांनीच वाचून दाखवला. यादीत पहिलं नाव द्वारकाताईंचं होतं.

ताम्हाणे संतापले. "ताई, तुम्ही सत्कार नाकारा. स्टेजवर जाऊच नका. मी उभा राहून बोलतो सगळ्यांसमोर."

ताई टॉवेल पिळत होत्या. "नारळ कशाला नाकारायचा? चांगला असतो नारळ," एवढंच म्हणाल्या.

आणि समारंभात त्यांनी तो खरंच घेतला. शालीसाठी मान वाकवली, नारळ दोन्ही हातांत धरला, फोटोसाठी हसल्यादेखील. ताईंनी आता विश्रांती घ्यावी, असं प्रत्येक वक्ता म्हणाला आणि दर वेळी टाळ्या पडल्या. ताम्हाणे खुर्चीत चडफडत होते. नोकरीत असताना कुणाला काढून टाकलं की 'त्याला नारळ दिला' असं ते स्वतः म्हणत आले होते. आज त्यांच्या गुरूला नारळ दिला गेला, आणि गुरूने तो हसतमुखाने स्वीकारला. आपणही आता हा नाद सोडावा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तलावाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीतलं आपलं सामान आणायला गेले. पाहतात तर द्वारकाताई पोहण्याच्या पोशाखावर सत्काराची शाल पांघरून पायरीपाशी बसलेल्या, भोवती शिकणारी मंडळी जमलेली. ताईंनी नारळाची शेंडी काढली, नारळ पायरीच्या कडेवर आपटला, पाणी पायरीवर शिंपडलं आणि खोबऱ्याचे तुकडे वाटायला सुरुवात केली. कुणीतरी वर्दी दिली असावी. इनामदार लगबगीने आले.

"ताई, हे काय चाललंय? काल तर तुम्ही ठराव मान्य केलात."

"मी नारळ घेतला, इनामदार. ठराव नाही घेतला."

ताम्हाण्यांना राहवलं नाही. "मग काल तोंडावर नाकारला का नाहीत?"

"नाकारला असता तर आज फोडलं काय असतं?" ताई म्हणाल्या. "अहो, आपल्याकडे माणसाला काढायचं असलं की नारळ देतात, आणि दुकान उघडायचं असलं, विहीर खणायची असली, की नारळ फोडतात. नारळ तोच. काल तो यांच्या हातात होता, तेव्हा त्याचा अर्थ यांनी ठरवला. आज माझ्या हातात आहे. देव्हाऱ्यात ठेवून वाळवला असता, तर यांचं म्हणणं खरं झालं असतं. मी फोडला. आता वर्ग सुरू."

"आणि पाण्यात तुम्हाला काही झालं तर?" इनामदारांनी काकुळतीने विचारलं.

"होणारच आहे. मला, तुम्हाला, सगळ्यांना. पलंगावर झालं तर तुम्ही हार आणाल आणि पाण्यात झालं तर ठराव दाखवाल. मला पलंगाची भीती जास्त वाटते, खरं सांगते. इथे जीवरक्षक आहे, डॉक्टर आहेत. ज्याची तब्येत साथ देत नाही त्याला थांबवा, मग तो साठीचा का असेना. पण नुसतं वय बघून मला बाहेर काढायचं असेल, तर आत या आणि काढा."

एवढं बोलून त्यांनी इनामदारांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, शाल घडी करून बाकावर ठेवली आणि त्या पाण्यात उतरल्या. इनामदारांना पोहता येत नव्हतं. ते खोबरं हातात घेऊन काठावर उभे राहिले.

ताम्हाणे सामान न्यायला आणलेली पिशवी तिथेच टाकून कपडे बदलून आले. पाण्यात उतरले, सवयीने दांडी धरली. ताईंनी पाठीखाली नुसता तळहात लावला, आणि ताम्हाण्यांनी दांडी सोडली. थोड्या वेळाने ताईंनी हातही काढून घेतला. आकाश ढगाळ होतं, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी ते बघत राहिले, आणि त्यांना रडू आलं.

तो ठराव पुढे कुणी मागे घेतला नाही आणि कुणी पाळलाही नाही. पुढल्या वर्षी ऐंशी पूर्ण करणाऱ्यांत इनामदारांचंच नाव निघालं. शाल अंगावर आली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या. लोक भाषणाची वाट बघत होते. इनामदार माइकपाशी गेले, नारळ कानाशी धरून त्यांनी हलवून पाहिला, आणि पहिल्या रांगेकडे बघत विचारलं, "ताई, उद्या वर्ग किती वाजता?"

वाचकहो, नारळ एक ना एक दिवस सगळ्यांनाच मिळतो. तो वाळू देऊ नका.