गुरुजींचं पोट

एकदा एक पेंग्विन होता. म्हातारा, आणि सगळ्या बर्फावर ज्ञानी म्हणून नावाजलेला. त्याचा एक चेला होता, वय वर्षं एक. तोही ज्ञानी होता, फक्त ही गोष्ट अजून त्याला एकट्यालाच कळली होती.

चेल्याचं दुःख एकच. गुरुजींचं पोट.

गुरुजी वर्षभर संयमावर बोलायचे. वादळात घोळक्यात उभं राहावं, ढकलाढकली करू नये, मधली ऊब आपल्यालाच मिळावी असा हट्ट धरू नये. चेल्याला सगळं तोंडपाठ. आणि उन्हाळा सरत आला तसे हेच गुरुजी सकाळी समुद्रात सूर मारायचे ते दुपारी पोट फरपटत बाहेर यायचे. घटकाभर आडवे, एक ढेकर, की पुन्हा पाण्यात. मासे, माकूल, जवळा, समोर येईल ते आत. चेला त्यांच्या चालीची नक्कल करून दाखवायचा, तेव्हा बाकीची पोरं बर्फावर लोळायची.

एक दिवस गुरुजींनी त्याला जवळ बोलावलं. म्हणाले, पोरा, आता पिसं झडायचे दिवस येतील. झडायला लागली की तीन आठवडे पाण्यात जाता येत नाही. तोवर पोटभर खाऊन घे.

चेला मनात हसला. ही परीक्षा होती, दुसरं काय? गुरू खा म्हणाला की चेल्यानं खायचं नसतं, एवढी अक्कल त्याला होती. त्या दिवसापासून त्यानं रोज एकच मासा धरला. तोही बारका, तोही चारचौघांसमोर, डोळे मिटून. शेजारची मावशी म्हणाली, अरे, तुझी पिसं अजून एकदाही झडलेली नाहीत, म्हाताऱ्याचं ऐक. तर हा तिलाच म्हणाला, मावशी, तुम्ही संसारी, तुम्हाला नाही कळायचं.

गुरुजींनी हे सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते आणखी एक खेप जास्त पाण्यात जायला लागले. हावरटपणाला काही सीमा, असं चेल्याला वाटलं.

मग एका सकाळी चेल्याच्या पाठीचं एक पीस उडालं. संध्याकाळी मूठभर. आठवड्यात तो कापूस निघालेल्या उशीसारखा दिसायला लागला. सगळी वस्तीच तशी, संपाच्या दिवशी एसटीची वाट बघणाऱ्यांसारखी गप्प उभी. बाकीच्यांच्या अंगावर चरबी होती. चेल्याच्या अंगावर फक्त पुण्य होतं, आणि ते पाचव्या दिवशी संपलं.

बाराव्या दिवशी त्याचे पाय लटपटायला लागले. समुद्र तीस पावलांवर होता. तो निघाला. गुरुजी आडवे आले.

"कुठे?"

"आंघोळीला."

"नवी पिसं अजून आली नाहीत. पाणी थेट कातडीला लागेल. दहा हात गेलास की आखडशील, मग सील राहू दे, मासेच तुला खातील."

"मग इथे उभ्याउभ्या मरू?"

बोलणं खोटं नव्हतं. दोन दिवसांत तो खरंच आडवा झाला असता.

"चोच उघड," गुरुजी म्हणाले.

गुरुजींनी मान वाकवली, गळा हलवला आणि पिल्लाला भरवतात तसा पोटातला मासा काढून चेल्याच्या घशात घातला. एक वर्षाचा घोडा, अख्ख्या वस्तीदेखत. नकलेवर हसणारी पोरं आता याच्यावर हसत होती. चेल्यानं गिळलं. लाज वाटायलाही अंगात ताकद लागते.

"हे तुम्ही माझ्यासाठी..."

"माझं पोट कधीच भरलं होतं. तू एका माशावर आलास, तेव्हा ठरवलं, आता दोघांचं खायचं. तुला सांगून उपयोग नव्हता, तुला परीक्षा फार आवडतात. अरे, थंडीला तुझं तप कळत नाही, चरबी कळते. खायच्या वेळी नीट खाणं हासुद्धा संयमच. तो केला की मग थांबायच्या वेळी थांबता येतं. आता उभा राहा. हललास की खाल्लेलं फुकट जळेल."

चेला हलला नाही. तीन दिवस गुरुजी भरवत राहिले. चौथ्या दिवशी चेल्याच्या लक्षात आलं की गुरुजींची मान बारीक झालीय आणि उभं राहताना ते डुलतायत.

"तुम्हाला पुरेल?" त्यानं विचारलं.

गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात वारा फिरला आणि सरळ म्हाताऱ्याच्या अंगावर यायला लागला. चेला चार पावलं सरकला आणि आपली फाटकी पाठ वाऱ्याकडे करून त्यांना आडोसा धरून उभा राहिला.

गुरुजींनी एक डोळा उघडला. "हलू नकोस म्हटलं होतं."

"चारच पावलं," चेला म्हणाला.

गुरुजींनी डोळा मिटला. सहा दिवसांनी, नवी पिसं अंगावर घेऊन, दोघं एकदमच पाण्यात उतरले.

तेव्हा मोठी माणसं खा म्हणाली, तर आधी खाऊन घ्यावं. परीक्षा निघालीच, तर नापास सावकाश होता येतं.