नखाएवढं शून्य

बाटल्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका दुकानाच्या फ्रीजमध्ये दोघी बहिणी शेजारी उभ्या होत्या. थोरलीत बिअर होती, धाकटी बिनदारूची. नाव एक, लेबल एक. धाकटीच्या पायाशी तेवढं नखाएवढं शून्य. दारूच्या जाहिरातीला बंदी होती, म्हणून चौकातल्या फलकावर धाकटीलाच झळकवत.

दारू सोडलेला विश्राम तो फलक पाहून निर्धास्तपणे आत आला. फलकावरचं लेबल ओळखून त्याचा हात थेट थोरलीच्या मानेवर पडला.

धाकटी ओरडली, "ताई, सोड त्याला! मोठ्या मुश्किलीनं सुटलाय गं तो. माझ्यासाठी आलाय!"

"येडे, सगळे तुझ्यासाठीच येतात," थोरली जाता जाता हसली. "उगाच का चढवलंय तुला फलकावर?"

फ्रीजचं दार मिटलं. काचेआड धाकटी त्याला हाका मारत राहिली. समोरच्या फलकावर मात्र ती हसतच होती.