येसाजीचे दही आणि आईच्या वड्या

डोंगरापायथ्याच्या एका गावात येसाजी नावाचा गवळी राहत होता. त्याच्या दह्यात उभा केलेला चमचा आडवा होत नसे. घरातले विरजण पिढ्यान्‌पिढ्या जपलेले, आणि येसाजी ते रोज नव्या दुधात जागते ठेवी. "दह्यात जीव असतो," तो गिऱ्हाइकांना सांगे. "मेलेलं पाहिजे तर बाजारातून सुकट घ्या." लोक हसत आणि दही नेत.

त्याच्या आईची रीत निराळी होती. उन्हाळ्यात ती नाचणीचे पीठ ताकात रात्रभर आंबवी, सकाळी चुलीवर रटरटा शिजवी आणि कापडावर वड्या घालून कडक वाळवी. त्या वर्षभर टिकत. पेजेत विरघळत, भाकरीच्या पिठात मिसळत, प्रवासाला शिदोरीत जात. आजाऱ्याला, बाळंतिणीला ती त्यांचीच पेज पाजी.

"आई, उकळलंस की ताकातला जीव जातो," येसाजी चिडवी.

"जातो ना. पण रात्रभर त्यानं पिठात काम केलं, ते कुठं जातं?" आई म्हणे.

आई गेली. पुढे येसाजीची बायको पारू वड्या घालू लागली. येसाजी त्यांना हात लावीना.

एका वैशाखात वरच्या वाडीहून निरोप आला. येसाजीची धाकटी बहीण गोदा तिथे दिली होती. ती मोठ्या तापाने खंगली होती. "दादा, पोटात काही ठरत नाही. वैद्य म्हणतात, शिजवलेलंच खा. आईच्या वड्या असतील तर घेऊन ये."

येसाजीने दह्याचे मडके काढले. "बहिणीच्या दारात वाळके तुकडे घेऊन जाऊ? वाडी काय म्हणेल?"

"वाडी आजारी नाही, वन्सं आजारी आहेत," पारू म्हणाली. "त्यांनी मागितलं ते न्या."

तो ऐकेना, तेव्हा तिने वड्यांची पुरचुंडी बांधून गुपचूप त्याच्या पिशवीत सरकवली.

अर्ध्या वाटेवर ओढा लागला. येसाजी पाणी प्यायला वाकला, तशी पुरचुंडी बाहेर डोकावली. त्याला राग आला. त्याने गाठ सोडली आणि वड्या पाण्यात टाकल्या. मासे वर आले, त्यांनी त्या चटाचटा खाल्ल्या. त्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही.

गोदा भिंतीला टेकून बसली होती. भावाला पाहून तिचे डोळे पिशवीकडे गेले. "वहिनीनं वड्या दिल्या ना?"

"संपल्यात," येसाजी म्हणाला. "हे खा. ताजं आहे."

पण उन्हाच्या चढणीत दही फसफसून आले होते. भावाचे मन राखायला गोदाने एक चमचा घेतला. तो तिच्या पोटात ठरला नाही. पदराने तोंड पुसून ती हसली. "तुझं दही चांगलंच असतं, दादा. मीच आता त्याच्या जोगी नाही."

येसाजी तसाच माघारी धावला. पारूने दुसरी पुरचुंडी बांधून त्याच्या हातात दिली. ती छातीशी धरून तो पुन्हा वाडीत पोहोचला, तेव्हा गोदाच्या अंगणात माणसे खाली माना घालून बसली होती.

वड्यांनी गोदा वाचली असती, असे कोणी म्हणाले नाही. ते कोण सांगणार? पण तिने शेवटी जो घास मागितला, तो आपण माशांना घातला, एवढे येसाजीला ठाऊक होते. आई जाऊन इतकी वर्षे झाली, तरी लेकीला आधार तिच्याच हातच्या रीतीचा वाटत होता, हेही त्याला आता कळत होते.

पुढे दर उन्हाळ्यात येसाजी स्वतः वड्या घाली. वाडीकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या ओंजळीत मूठभर टाकी. त्या ओढ्याचे पाणी मात्र तो पुन्हा कधी प्यायला नाही.

तात्पर्य: जीव गेला म्हणून गुण जात नाही. आणि देताना आपली शान पाहू नये, घेणाऱ्याचे पोट पाहावे; उशिरा आलेले शहाणपण कुणाच्या मुखी लागत नाही.