सहा चिंचोक्यांची उणीव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि राक्षस माणसांशी अदबीने बोलत. अशाच एका बिननावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाला आपल्या एका रीतीचा फार अभिमान होता. तिथे कोणी कोणाकडे काही मागत नसे.

म्हणजे बघा, गावात घरं चाळीस आणि शिड्याही चाळीस. उखळं चाळीस, पाटे चाळीस. एखाद्या घरचं विरजण संपलं, तर ती माणसं महिनाभर ताकावाचून जेवत, पण वाटी घेऊन शेजारच्या दाराशी जात नसत. याला ते स्वाभिमान म्हणत. आपण त्यांना नावं ठेवायला नकोत, आपल्याही ओळखीत अशी दोन-चार घरं निघतील.

या गावात गोजरा नावाची एक बाई होती. गावाची रीत तिच्याइतकी नेटाने कोणी पाळत नसेल. डोक्यावर सरपणाची मोळी आणि कमरेवर कळशी घेऊन ती घरी यायची. नवरा सोनबा घ्यायला पुढे झाला की म्हणायची, "राहू द्या, मी करते." लग्नाला वीस वर्षं झाली होती. हे वाक्य सोनबाने इतक्या वेळा ऐकलं होतं, की आता त्याचा हात अर्ध्या वाटेवरूनच मागे फिरायचा. बाई मनाची मात्र मोठी. कोणाकडे दुखणं-बाणं निघालं, तर न बोलावता पहिली हीच हजर. द्यायला सगळ्यांच्या पुढे; घ्यायची वेळ आली की हिचं नेमकं काहीतरी काम निघायचं.

गावाचं पाणी डोंगरावरच्या झऱ्याचं. दर बारा वर्षांनी एक राक्षस फिरत फिरत तिथे यायचा आणि नेमका झऱ्याच्या तोंडावर आडवा व्हायचा. झरा अडला की खालच्या विहिरी आटायच्या. मग त्याला हटवायला गावातलं एक माणूस वर जायचं. महिनाभर झुंज चालायची, शेवटी राक्षस हलायचा, पाणी सुटायचं आणि त्या माणसाला गाव खांद्यावर घेऊन नाचायचं. या खेपेला मात्र महिनाभर दम धरण्यासारखी स्थिती नव्हती. उन्हाळा कडक होता आणि गावात जेमतेम आठ दिवसांचं पाणी उरलं होतं.

"कोण जातं?" असं चावडीवर विचारलं गेलं. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

"राहू द्या, मी जाते," गोजरा म्हणाली.

आता, डोंगरावर कोणी नुसतं उठून जात नसे. वाटेच्या तोंडाशी एक चिंच होती आणि चिंचेखाली एक म्हातारा बसायचा. त्याच्यापुढे सात वाट्या मांडलेल्या असत. ताकद, चपळाई, धीर, नजर, अक्कल, बोलणं आणि नशीब. जाणाऱ्याला तो वीस चिंचोके मोजून द्यायचा. ज्या वाटीत जितके चिंचोके टाकाल, तितका तो गुण अंगात भरायचा. मग म्हातारा मनगटाला दोरा बांधायचा. गाठ बसेपर्यंत चिंचोके हवे तसे हलवावेत. एकदा गाठ बसली की बदल नाही.

गोजराने आधी सगळ्या वाट्यांत तीन-तीन चिंचोके टाकले. सातव्या वाटीला एक कमी पडला.

म्हातारा म्हणाला, "असं केलंस तर राक्षसाला तू बाई बरी वाटशील. त्यापलीकडे काही व्हायचं नाही."

तिने सगळे उचलले. मग दहा ताकदीत, दहा चपळाईत टाकले. मग वाटलं, धीर सुटला तर? पाच काढून धीरात. मग वाटलं, नशीबच फिरलं तर? संध्याकाळ झाली, तरी बाईचे चिंचोके इकडून तिकडे चाललेच होते. दुसरा दिवस असाच गेला. जी बाई भाजीवाल्याकडून वांगी अर्ध्या मिनिटात निवडायची, ती स्वतःला निवडताना पार गांगरून गेली होती. हसू नका. सात वाट्या पुढे मांडल्या, तर तुमचं-आमचंही हेच होईल.

तिसऱ्या दिवशी सोनबा भाकरी घेऊन आला. वाट्यांकडे बघून तो बिचकत म्हणाला, "अगं, एखादा बोलण्याच्या वाटीत टाक की."

"राक्षसाशी काय गप्पा मारायच्यात?" गोजरा म्हणाली. "मुळात वीसच कमी पडतायत."

तेव्हा म्हाताऱ्याने मागून एक मडकं पुढे ओढलं. "कमी पडत असतील, तर यात उणिवांचे खडे आहेत. एक उणीव पत्कर, वर चिंचोके घे. गाता येणार नाही, त्याचा एक. पोहता येणार नाही, त्याचे दोन. आणि कोणाकडे काही मागता येणार नाही, त्याचे सहा."

"सहा!" गोजराचे डोळे चमकले. बाकीचे खडे खडबडीत होते, हा एकटाच हाताळून हाताळून गुळगुळीत झाला होता. "मागायचं तर मला तसंही नसतं. हे तर फुकटच झालं, बाबा."

"तुझ्या गावचे सगळे हाच उचलतात," म्हातारा म्हणाला. "त्याला सहा का ठेवलेत, असं मात्र अजून कोणी विचारलं नाही."

गोजरानेही विचारलं नाही. कसं विचारणार? तिने चौदा चिंचोके ताकदीत टाकले, सात धीरात, पाच चपळाईत. अक्कल आपली आपल्याला आहे, असं म्हणून ती वाटी तिने रिकामी ठेवली. बोलण्याची तर ठेवलीच. म्हाताऱ्याने गाठ मारली. निघताना सोनबा म्हणाला, "अडलीस तर हाक मार. मी येईन." पण ती तोवर पहिलं वळण चढून गेली होती.

राक्षस झऱ्याच्या तोंडावर कुशीवर पडला होता. गोजराने पदर खोचला, पाय रोवले आणि चौदा चिंचोक्यांची ताकद लावून त्याच्या पाठीला धक्का दिला. राक्षसाने एक डोळा उघडला.

"काही हवंय का, बाई?"

जीभ टाळ्याला चिकटली. गोजरा घाम पुसत म्हणाली, "काही नको. चाललंय आपलं. तुम्ही झोपा."

"बरं," असं म्हणून राक्षसाने डोळा मिटला.

तिने एक सागाचं झाड मुळासकट उपटलं आणि त्याची पहार करून राक्षसाच्या बरगडीखाली घातली. राक्षसाला बरं वाटलं. "जरा डावीकडे," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिने वेलींचा दोर वळून त्याच्या पायाला बांधला आणि दिवसभर ओढला. संध्याकाळी राक्षसाने पुन्हा आपुलकीने विचारलं, "खरंच काही नको ना?" आणि गोजरा धापा टाकत म्हणाली, "छे हो, मला काय हवंय!" सात चिंचोक्यांचा धीर होता, म्हणून रडू तेवढं आलं नाही.

तिसऱ्या दिवशी ती कड्यावर बसली आणि खाली बघू लागली. गाव हातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. विहिरीवर सोनबा उभा होता. त्याने पोहरा सोडला, वर ओढला, आणि त्यातून चिखल ओतला. मागे गोठ्यात त्यांचं महिन्याभराचं वासरू मान टाकून पडलं होतं.

मग सोनबाने घागर घेतली आणि तो शेजारच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

गोजराला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आपल्या घरचा माणूस, दुसऱ्याच्या दाराशी, रिकामी घागर घेऊन! दार उघडलं. सोनबा आत गेला. बाहेर आला तेव्हा तो उजवीकडे झुकून चालत होता. भरल्या घागरीने माणूस असंच झुकतं, हे तिला वीस वर्षं स्वतः पाणी वाहून ठाऊक होतं. घागरीत पाणी होतं. त्याच्यामागून शेजारीणही बाहेर आली आणि दोघं मिळून वासराला पाजू लागले. आभाळ कोसळलं नाही. उलट थोड्या वेळाने तिसऱ्या घरची बाई आपली वाटी घेऊन त्या शेजारणीकडे येताना दिसली.

गोजराची लाज हळूहळू ओसरली आणि तिच्या जागी मायेने ऊर भरून आला. या माणसाने आयुष्यभर आपल्यापुढे हात केला, आणि आपण एकदाही त्यात काही ठेवलं नाही, हे तिला तिथे त्या कड्यावर कळलं.

ती उठली आणि राक्षसाच्या कानापाशी गेली. तोंड उघडलं तर शब्द येईना. मनगटावरचा दोरा मांसात रुतला. तिने पुन्हा तोंड उघडलं. दगडासारखा घट्ट झालेला तो शब्द तिने सव्वीस चिंचोक्यांचं सगळं बळ लावून वर ओढला.

"दादा," ती म्हणाली, "जरा सरकता का? माझ्या गावाला पाणी हवंय."

दोरा तटकन तुटला. राक्षस खडबडून उठून बसला.

"एवढंच? अगं बाई, मग बोलायचं की!" तो बाजूला झाला आणि झरा खळाळत सुटला. "दर बारा वर्षांनी तुमच्यातलं कोणीतरी येतं, माझी पाठ रगडतं. काय हवं विचारलं तर काही नको म्हणतं. महिन्याभराने मी आपला कूस बदलतो, तर ते नाचत खाली जातं. मला वाटलं, तुमच्याकडे असा नवसच असावा."

दोऱ्याबरोबर ताकदही गेली होती. गोजराला एक पाऊलही टाकवेना. तिने खाली गावाकडे पाहिलं, मग राक्षसाकडे. दुसऱ्यांदा मागणं त्या मानाने सोपं गेलं.

"आणि दादा, मला जरा खाली नेऊन सोडता का?"

राक्षसाने तिला तळहातावर घेतलं आणि चिंचेपाशी अलगद उतरवलं. म्हाताऱ्याने मडक्यातला तो गुळगुळीत खडा काढला आणि वरून वाहत आलेल्या नव्या पाण्यात भिरकावून दिला.

सोनबा धावत आला. सवयीने त्याचा हात पुढे झाला आणि सवयीनेच अर्ध्यावर थांबला.

"अहो," गोजरा म्हणाली, "मला जरा धरून घरी नेता का?"

सोनबाने तिचा हात धरला, आणि पुढची सबंध वाट तो सोडला नाही. हळूहळू त्या गावातल्या पुष्कळशा शिड्या चुलीत गेल्या. चाळीस घरांना चार शिड्या पुरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. बारा वर्षांनी राक्षस पुन्हा आला, तेव्हा गोजरा त्याच्यासाठी उशी घेऊन वर गेली आणि झऱ्यापासून दहा पावलांवरची जागा तिने त्याला दाखवली.

ही गोष्ट सांगते ते एवढंच: अंगात किती बळ भरलं यापेक्षा, अडल्यावर 'जरा मदत करता का' असं म्हणता येणं मोठं.