तुडवलेल्या गवताचं भाडं

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी राजाचा हुकूम दवंडीने गावोगाव जाई, आणि दवंडीवाल्याचा घसा बसला की पुढच्या गावाला तो हुकूम लागू होत नसे. त्यामुळे लोक बऱ्यापैकी सुखी होते.

त्या मुलखात एक जगावेगळी रीत होती. सुगी आटोपली, खळी झाडून झाली, की माणसं आपापल्या बैलगाड्यांवर तट्ट्यांचं छप्पर चढवत. आत गोधड्या, तवा, पिठाचा डबा आणि घरातली हिंडती-फिरती माणसं भरत, आणि महिनाभर उगाचच भटकायला निघत. नवस फेडायला नव्हे, बाजाराला नव्हे, सोयरीक जमवायलाही नव्हे. शेजारच्या राज्यातले लोक विचारत, "काय काम काढलंत?" हे सांगत, "काही नाही." शेजारच्यांचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

या गाड्यांचा सर्वांत आवडता मुक्काम म्हणजे नदीकाठच्या एका गावाचा माळ. नदीचं वळण, वळणावर सपाट हिरवा माळ, आणि मधोमध एक जुनं करंजाचं झाड. मुक्कामाचं भाडं म्हणाल तर गाडीमागे एक नारळ. तो गावच्या पाटलाला द्यायचा आणि पाटलाने फोडून अर्धा परत करायचा. लहान अर्धा कोणाचा आणि मोठा कोणाचा, यावरून भांडण झाल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

त्या माळावर दर साली एक म्हातारी येई. सासरी तेलाचा घाणा, म्हणून सगळे तिला तेलीणकाकू म्हणत. नवरा होता तोवर दोघं येत. तो गेला, घाणा पुतण्याकडे गेला, पण गाडी आणि दोन बैल मात्र तिने कोणाला दिले नाहीत. अकरा महिने ती पुतण्याच्या मागच्या पडवीत राही. पुतण्या वाईट नव्हता. दोन्ही वेळचं ताट वेळेवर येई. ताटाबरोबर शब्द तेवढा येत नसे.

ते अकरा महिने काकू माळावरच्या पंधरा दिवसांच्या भरवशावर काढी.

करंजाखाली गाडी सोडली की ती वंगणाचा बांबूचा नळा घेऊन बसे. आत एरंडेल आणि काजळी. लांबून आलेल्या गाड्यांचे आस कोरडे पडलेले असत. गाडीवान चाक उचलून धरी, काकू आसाला वंगण देई. चाकाची कुरकुर थांबे आणि गाडीवानाची सुरू होई. काकूची विद्या एवढीच होती, की मागच्या साली कोण काय बोललं ते तिला सगळं आठवे.

"काय रे कुंभारा, तुझी सून मीठ बेतानं टाकायला शिकली का?"

"शिकली की काकू. आता टाकतच नाही."

"आणि तू मडकी कच्ची भाजतोस ते सुधारलं का?"

"अहो, ते सुधारलं तर दुसऱ्या साली गिऱ्हाईक येईल कशाला?"

दोर वळणाऱ्याची बायको एके साली आली ती नुसतीच उभी राहिली. काकूने तिच्याकडे पाहिलं आणि नळा खाली ठेवला. "आई गेली ना गं तुझी? मागच्या साली निघताना तुझा जीव थाऱ्यावर नव्हता, तेव्हाच मला वाटलं होतं." ती बाई वर्षभरात रडली नव्हती. तिथे रडली, आणि मग पोटभर जेवली.

असं संध्याकाळभर चाले. चुली पेटलेल्या, भाकरीचा वास, नदीवरून येणारा गारवा, आणि काकूच्या गाडीभोवती पन्नास-साठ माणसं. पंधरा दिवसांत करंजाखालचं गवत तुडवून तुडवून नाहीसं होई. बाकीच्या माळावरचं घोट्याइतकं उभं असे.

पुढे पाटलाच्या मनात आलं, की आपलं गाव पुढे न्यावं. गाव होतं तिथे बरं होतं, पण असा विचार एकदा डोक्यात शिरला की तो निघत नाही. त्याने एक कारभारी नेमला. कारभारी तीन राज्यांत काम करून आला होता. तिन्ही राज्यांतून तो का आला, हे कोणी विचारलं नाही.

कारभाऱ्याने दोरी आणि खुंट्या घेऊन माळ पालथा घातला. मग तो म्हणाला, "पाटील, सोन्याच्या ढिगावर बसून तुम्ही खोबरं खाताय. हे पाहा. जिथे गवत जास्त तुडवलेलं, ती जागा लोकांना जास्त पसंत. जिथे पसंती जास्त, तिथे भाडं जास्त. उघड हिशेब आहे."

"पण तिथं ती तेलीणकाकू..."

"हिशेबात 'पण' नसतो, पाटील."

पुढच्या साली नारळ बंद झाला. कडेच्या जागांना एक आणा, मधल्यांना चार, आणि करंजाखाली एक रुपया. त्या काळी रुपयात बैलाचा वर्षाचा कडबा येई.

"आजी," कारभारी म्हणाला, "तुम्ही उभ्या आहात ती माळावरची सर्वांत उत्तम जागा."

"कोण म्हणतं? इथं मुंग्या आहेत, नदी लांब आहे, आणि करंजाचा पाला आमटीत पडतो."

"मग इतकी वर्षं इथेच का उतरता?"

"आमचे हे पहिल्यांदा इथं थांबले. बैल दमले होते."

कारभाऱ्याने हे कारण लिहून घेतलं नाही. त्याच्या तक्त्यात तसा रकाना नव्हता.

काकूने पूर्वेच्या कडेची जागा घेतली. करंजाखाली एका सराफाने रुपया मोजून गाडी सोडली. दोन दिवस तो एकटा, पाठ ताठ करून, उत्तम जागेत बसला. तिसऱ्या दिवशी चौरंग काखेत मारून तो काकूच्या गाडीशी आला आणि म्हणाला, "जरा सरका. तिकडे बोलायला करंजाशिवाय कोणी नाही."

पंधरा दिवस सरले. कारभाऱ्याने पुन्हा माळ पाहिला. करंजाखाली गवत उभं, आणि पूर्वेची कड उघडी पडलेली. "लोकांची आवड बदलली," तो पाटलाला म्हणाला. "आता पूर्वेला रुपया."

पुढल्या साली काकूने पायातले तोडे मोडले आणि पूर्वेचा रुपया भरला. म्हातारीला वाटलं, एकदा भरला की सुटका. पण भाड्याचा गुण असा, की ते भरलं की वाढतं. त्याच्या पुढल्या साली पूर्वेला दोन रुपये झाले. काकूने उरलेल्यातली सर्वांत स्वस्त जागा मागितली. ती होती गावाच्या उकिरड्याजवळ.

माणसं तिथेही गेली. नाकाला पदर लावून बसली, पण बसली. आणि साल सरल्यावर कारभाऱ्याला उकिरड्याभोवतीचं गवत भुईसपाट झालेलं दिसलं. त्याने खूप विचार केला. मग, या प्रवाशांना उकिरड्याची ओढ असते असा निष्कर्ष काढून त्याने तिथलं भाडं दोन रुपये केलं, आणि माळाच्या उरलेल्या तीन कोपऱ्यांवरही उकिरडे करावेत, म्हणजे उत्पन्न चौपट होईल, असं पाटलाला सुचवलं. पाटलाने तेवढं मात्र ऐकलं नाही. बायकोने ऐकू दिलं नाही.

पुढच्या फाल्गुनात काकू माळाच्या तोंडाशी आली तेव्हा तिच्या पदराला फक्त सहा आणे होते, आणि माळावरची स्वस्तातली स्वस्त जागाही आता रुपयाची झाली होती. विकायला आता बैलच उरले होते. एक बैल विकला तर मुक्काम होईल, पण एका बैलाने गाडी चालत नाही, आणि गाडी नाही तर पुढचं साल नाही. नाही विकला तर परत फिरायचं. पडवी, ताट, आणि पुढचे अकरा महिने.

ती बराच वेळ कासरा हातात धरून बसून राहिली. मग तिने बैल नदीत घातले आणि पलीकडे गेली.

पलीकडचा काठ नुसता खडकाळ. झाड नाही, काडी नाही. कोणाच्या नावावरही नाही. दगड कोण नावावर करून घेणार? काकूने तिथे बैल सोडले. तिला वाटलं, बोलणं नाही तर नाही, निदान चुलींचा धूर तरी दिसेल. कोण आलं, कोण नाही, एवढं तरी कळेल.

तिचे दोन बैल, एक कोश्या नि एक बांड्या, दगडांकडे बघत उभे राहिले.

"गड्या," कोश्या म्हणाला, "इतकी वर्षं पाहतोय. माणसं हिरवं गवत सोडून तुडवलेल्या जागेकडेच का जातात? आपण तर जात नाही."

"म्हणून तर आपण बैल," बांड्या म्हणाला.

इकडे माळावर कुंभार संध्याकाळपर्यंत पलीकडच्या काठाकडे बघत बसला. मग उठला. "मी जरा पलीकडे जाऊन चाकाला वंगण देऊन येतो."

"सकाळीच तर दिलंत," त्याची बायको म्हणाली.

"वंगणाचं काय, वाळतं."

"मग एक चाक घेऊन जाणार? गाडीच जुंपा की. आणि तवा राहिलाय, तो मी घेते."

कुंभाराने माळावर आठ दिवसांचं भाडं आगाऊ भरलेलं होतं. ते त्याने सोडलं. त्याची गाडी नदीतून जाताना दोरवाल्याच्या बायकोने पाहिली, आणि दोरवाल्याला बैल जुंपावेच लागले. तिसऱ्या दिवशी सराफ आला, चौरंगासकट. पाचव्या दिवशी माळावर एकही गाडी नव्हती. दगडांवर चुली मांडल्या होत्या, बसायला गोधड्यांच्या घड्या होत्या, आणि मधोमध काकू कुंभाराला विचारत होती, "सुनेचं मीठ परतलं का?"

कारभाऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्या काठाला गवतच नव्हतं, तेव्हा तुडवलेलं दिसणार कसं? त्याने पाटलाला कळवलं, की यंदा माळाची निगा उत्तम राहिली असून गवत गुडघाभर आहे.

गावाला मात्र कळलं. गिऱ्हाईक नसल्याने दूध नासलं, लोहाराचा भाता थंड पडला, भाजीवाल्या बायकांनी पाट्या भरल्या तशा घरी नेल्या. पाटील माळावर जाऊन उभा राहिला. माळ इतका देखणा त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याला आठवलं, लहानपणी तो या गाड्यांमधून पळायचा. एका संध्याकाळी अकरा तव्यांवरच्या अकरा चवींच्या भाकरी खाऊन घरी जायचा आणि आईचा मार खायचा. आता वाऱ्याने गवत हलत होतं आणि पलीकडून हसण्याचा आवाज येत होता.

धोतर वर खोचून पाटील नदीत उतरला.

काकूने त्याला येताना पाहिलं. तो काही बोलायच्या आत म्हणाली, "या पाटील. दाढ काढली का नाही अजून?"

दाढेचं दुखणं त्याने चार वर्षांपूर्वी कधीतरी सांगितलं होतं. घरच्यांनाही ते आठवत नव्हतं. पाटील एका दगडावर बसला.

"काकू, परत चला. तुम्हाला भाडं नको."

"मला एकटीला नको? आणि हे सगळे?"

"बघतो. कारभाऱ्याशी बोलतो."

"बोला. पण लवकर बोला. या वयात दरसाल नदी ओलांडवत नाही मला."

पाटील बोलला. कारभारी म्हणाला, भाडं माफ करायला नियम लागतो. नियमाप्रमाणे माफी होती ती राजदूतांना आणि हत्तींना. तेलिणींचा उल्लेख नव्हता. तेव्हा मसुदा झाला, मसुद्यात दुरुस्ती झाली, दुरुस्ती राजधानीला गेली, राजधानीत शिक्का सापडेना. तो सापडेपर्यंत पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि पुन्हा फाल्गुन आला.

गाड्या आल्या आणि सरळ पलीकडच्या काठावर उतरल्या. काकूची गाडीही आली. ती हाकत होता तिचा पुतण्या.

"काकू पौषात गेली," तो म्हणाला. "शेवटच्या आठवड्यात मला जवळ बसवून सगळ्यांचं सांगत होती. गाडी घेऊन जा, म्हणाली. मला इथलं काही माहीत नाही." मग तो नळा हातात घेऊन कुंभाराकडे वळला. "तुमच्या सुनेचं... मिठाचं विचारायला सांगितलंय."

कुंभाराने चाक उचलून धरलं.

त्याच दुपारी कारभारी दवंडीवाल्यासह नदी ओलांडून आला. त्याच्या हातात शिक्क्याचा कागद होता. दवंडीवाल्याने घसा खाकरला आणि वाचलं: "सदर तेलीण हिला, तिच्या हयातीपर्यंत, माळाचं भाडं माफ."

सराफाने विचारलं, "आणि आम्हाला?"

"त्याचा मसुदा चालू आहे," कारभारी म्हणाला.

त्या सालापासून गाड्या दगडांवरच उतरतात. पाटलाने पुढे भाडं काढून टाकलं, कारभाऱ्याला चौथ्या राज्यात पाठवलं, अर्ध्याऐवजी अख्खा नारळ परत देऊ असं कळवलं. लोकांनी नमस्कार सांगितला, पण कोणी आलं नाही. माळाचं गवत आता दरसाल कापून विकतात. गवत चांगलं असतं, भावही बरा येतो. पाटील मात्र संध्याकाळी पाटलिणीला सांगून नदीपलीकडे जाई आणि जेवायला घरी येत नसे.

तात्पर्य: माणसं जमतात म्हणून जागेला मोल येतं, नुसतं मोल वाढवून माणसं जमत नाहीत.