पुलातला पिंपळ

एकदा एक वृद्ध बुवा पुलाच्या भिंतीतून पिंपळाचे रोप उपटताना गावकऱ्यांच्या दृष्टीस पडले, आणि गावात खळबळ माजली.

ही गोष्ट इंग्रजी अमलातली. सरकारने त्या नदीवर दगडी कमानींचा एक पूल बांधला होता. पठारावरचा कापूस बंदराकडे जावा, आणि वेळप्रसंगी पलटणीही त्वरेने हलाव्यात, हा त्यामागचा हेतू. पण एकदा पूल उभा राहिला की तो कोणाला हेतू विचारत नाही. त्यावरून बाजारकरी गेले, वऱ्हाडे गेली, माहेरवाशिणी गेल्या.

पूल होण्यापूर्वी त्या ठिकाणी लखूनानांची नाव चाले. लखूनाना जातीचे कोळी, पिढीजात नावाडी. नदीला पाणी असेतो अलीकडचा माणूस पलीकडे जायचा तो नानांच्या वल्ह्यावर. पूल झाला आणि उताराचा घाट ओस पडला. नाव राहिली, पण मासे धरण्यापुरती. नानांचा मुलगा गोंदा वल्हे हाती घेण्याच्या वयाचा झाला, तेव्हा त्याच्यासाठी वल्हेच उरले नव्हते. हिंडत हिंडत तो नदीकाठच्या मठात बुवांपाशी आला. तिथे अक्षरे शिकला, अभंग शिकला, बुवांच्या मागे टाळ धरू लागला. आता तो लेकराबाळांचा बाप झाला होता, तरी बुवांचा शिष्य म्हणूनच गावात ओळखला जाई.

बुवांवर त्याची निष्ठा अढळ होती. एक गोष्ट मात्र त्याच्या घशाखाली उतरत नसे. बुवा रोज पहाटे स्नान करून मठापुढच्या पिंपळाला पाणी घालीत, हात जोडीत. आणि तेच बुवा पाऊस सरला, की शिडी खांद्यावर घेऊन पुलाकडे निघत. पाखरांनी टाकलेले बी दगडांच्या सांध्यांत रुजलेले असे. त्यातून कोवळे पिंपळ वर आलेले असत. बुवा एकेक रोप हलक्या हाताने ओढून काढीत, आत गेलेले मूळ लोखंडी सळीने उकरीत, आणि रिकाम्या झालेल्या सांध्यात चुना दाबून भरीत. काढलेली रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून आणीत आणि सडकेच्या कडेला लावीत.

वास्तविक हे काम सरकारी गड्यांचे. पण गडी पिंपळाला हात लावीत नसत. मुकादमाने दम भरला, तर म्हणत, "पोटासाठी खडी फोडू, चिखल उपसू. पिंपळ तोडून वंशाला खोट लावून घेणार नाही." मुकादमालाही मुलेबाळे होती. तो दुसरीकडे बघे. साहेब क्वचित घोड्यावरून येई, पुलावरून निघून जाई. पुलाच्या पोटात काय चालले आहे, हे वरून दिसत नसे.

गावकरी मात्र बघत होते. पारावर बसून बोलत होते.

"बुवा साहेबाचे झाले म्हणायचे."

"तसं नव्हे हो. म्हातारपण आलं. देवाचं झाड कुठलं नि तण कुठलं, हेही कळेनासं होतं माणसाला."

गोंदा हे ऐके आणि मान खाली घाली.

त्या वर्षी मधल्या कमानीतला पिंपळ फारच वाढला. मधल्या कमानीखाली डोह होता, तिथे शिडी टेकायला जागा नव्हती, म्हणून तो बुवांच्या हातून राहून गेला होता. आता त्याची मुळे मनगटाएवढी झाली होती. कमानीचा एक दगड जागा सोडून पुढे आला होता.

गोंद्याने घरी हे सांगितले. जाळे विणता विणता नाना म्हणाले, "असू दे. मानसानं बांधला, द्येव मोडतोय. मधी पडनारं आपन कोन? पूल खचला, की आपली नाव पुन्यांदा निगंल."

बापाचे बोलणे चुकीचे आहे, हे गोंद्याला कळत होते. तरी ते ऐकून त्याच्या मनाला कुठेतरी बरे वाटले, हेही खरे.

एके दिवशी सकाळी बुवा म्हणाले, "गोंदा, त्या मधल्या कमानीखाली नाव उभी करता येईल. नानांना विचारशील?"

गोंदा म्हणाला, "बुवा, दुसरं काहीही सांगा. हे माझ्याच्यानं विचारवणार नाही."

"बरं," बुवा म्हणाले. "मग मीच विचारतो."

काठी टेकीत बुवा नानांच्या झोपडीशी गेले. गोंदा मागोमाग. नानांनी लगबगीने घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या पुढे केला. बुवांनी पाणी घेतले आणि आडपडदा न ठेवता नाव मागितली.

नानांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "बुवा, माझ्या पोराला तुमी मानूस केलं. जीव मागा, आत्ता देतो. पन ह्यो पूल वाचवाया माझी नाव मागू नगा. ह्या पुलानं माझी चूल इझवली."

"ठाऊक आहे मला," बुवा म्हणाले.

गोंद्याला आता राहवेना. इतकी वर्षे मनात धरलेले त्याच्या तोंडून बाहेर पडले. "बुवा, लहान तोंडी मोठा घास घेतो, क्षमा असावी. ज्याला तुम्ही रोज हात जोडता, त्यालाच उपटता. ज्या पुलानं आमचं अन्न काढलं, तो टिकावा म्हणून पाप माथ्यावर घेता. लोक नाही नाही ते बोलतात. कशासाठी हे?"

बुवांनी तांब्या खाली ठेवला.

"मी इकडे पहिल्यांदा आलो, तेव्हा हा पूल अर्धामुर्धा झाला होता. यात्रेहून परतत होतो. वाटेत पटकीनं गाठलं. सोबतीच्या लोकांनी मला झाडाखाली निजवलं आणि ते पुढे गेले. त्यांना मी बोल लावत नाही. पटकीला कोण भीत नाही? मला शुद्ध आली, तेव्हा मी पुलाच्या कामावरच्या वडारांच्या पालात होतो. तिम्मण्णा म्हणून एक पाथरवट होता, त्याची बायको यल्लम्मा. मी सोवळ्याओवळ्यात वाढलेला माणूस. ज्यांच्या हातचं पाणी कधी घेतलं नव्हतं, त्यांच्या हातची पेज मी बोटं चाटून प्यालो. दिवसभर डोक्यावर दगड वाहून आलेली ती बाई घरी आली की माझी घाण काढी, आणि 'आता बरं आहे का?' एवढंच मोडक्या मराठीत विचारी. मी कोण, कुठला, हे तिनं कधी विचारलं नाही."

बुवा पुढे सांगू लागले.

"मी जगलो. पुढे पुलाची बांबूंची परांची कोसळली, तिम्मण्णा डोहात गेला. पूल पुरा झाल्यावर वडारांनी पालं मोडली, गाढवांवर बिऱ्हाड लादलं आणि दुसऱ्या कामाला निघून गेले. मी तेव्हा दूर होतो, हे सारं मला मागाहून कळलं. परत आलो तर चुलींची राख तेवढी होती. किती ठिकाणी शोध केला. जिथं सडक चालू आहे, पूल चालू आहे, तिथं तिथं गेलो. यल्लम्मा सापडली नाही."

बुवांनी गोंद्याकडे पाहिले. "पुलावर शिळा आहे, गोंदा. तिच्यावर नावं आहेत ती हुकूम देणाऱ्यांची. त्या शिळेपुढे मी कधी वाकलो नाही. राज्य परक्याचं आहे, उद्या जाईलही. पण कमानीतला दगड कुणी घडवला, ते मला ठाऊक आहे. यल्लम्माचे पाय धरावे म्हटलं, तर ती कुठं आहे? तिच्या धन्यानं बसवलेला दगड जागचा हलू न देणं, एवढंच माझ्या हाती उरलंय. पिंपळ देवाचा आहे, म्हणून तर त्याला मी मातीत जागा देतो. एवढं करूनही पाप लागलंच, तर लागू दे, ते माझं. उपकार विसरून मिळवलेलं पुण्य मला पेलायचं नाही."

मग ते नानांकडे वळले. "पुलानं तुमचं अन्न काढलं, नाना. ते खरं आहे, आणि त्याला माझ्यापाशी उत्तर नाही. म्हणून मी आज्ञा करत नाही. मागतोय. नाही म्हणालात, तरी माझा राग नाही."

नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "तिम्मण्णा म्हंजी... दंडावर मारुती गोंदलेला? आडदांड गडी?"

"होय. तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्याला म्याच काढला, बुवा." नानांचे शब्द सावकाश येऊ लागले. "परांची पडली तवा सायेब काठावर हुभा ऱ्हाऊन निस्ता वरडत हुता. म्या नाव घातली, बुडी मारली. हाताला लागला, पन गेला हुता. त्याची बायकू नावंत येऊन बसली. त्याचं डोकं मांडीवर घेतलं. काठाला येईस्तवर तोंडातनं आवाज न्हाई. उतरली, आन वाकून माझ्या नावंला डोकं टेकलं. म्या म्हनलं, बाई, माझ्या नावंनं काय केलं गं? तुझा धनी जित्ता तर आनला न्हाई. ती कायतरी बोलली, पन तिच्या भाषंत. मला काय समाजलं न्हाई."

गोंदा बापाकडे बघतच राहिला. हे त्याने कधी ऐकले नव्हते. नाना पुलाला शिव्या देताना त्याने जन्मभर ऐकले होते, पण त्या डोहाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नव्हते.

नाना उठले. कोपऱ्यातले वल्हे काढले. "चला," म्हणाले. "ऊन चढायच्या आत जाऊ."

मधल्या कमानीखाली नाव गेली, तेव्हा वर उजेड असून खाली गार सावली होती. पाण्याचा प्रकाश कमानीच्या पोटावर हलत होता. बुवा उभे राहू लागले, तशी नाव कलली. गोंद्याने त्यांना हाताला धरून बसवले आणि त्यांच्या हातची सळी घेतली. नावेच्या आडव्या फळीवर तो उभा राहिला. पिंपळाला हात लावण्यापूर्वी त्याने डोळे मिटून नमस्कार केला.

जवळून त्याने पहिल्यांदाच तो दगड पाहिला. त्याच्यावर छिन्नीचे घाव एकाशेजारी एक, सरळ रांगेत होते. कोणी तरी उन्हात बसून, डोळ्यांत भुकटी जाऊ न देता, एवढ्या निगुतीने ते घातले होते. आणि तेही कमानीच्या पोटात, जिथे कोणाची नजर जाणार नव्हती. गोंद्याने त्यावरून बोटे फिरवली. ज्या पुलाचा त्याने जन्मभर द्वेष केला, त्यामागे माणसांचे हात असतील, हे त्याच्या मनात कधी आलेच नव्हते.

त्याने ओढायला सुरुवात केली. मूळ चिवट होते. बराच जोर केल्यावर झाड हातात आले, पण जाड मुळाचा एक फाटा आतच तुटून राहिला. गोंदा घामाघूम झाला होता. त्याने मागे वळून बुवांकडे पाहिले. पुरे झाले, असे ते म्हणतील, अशी त्याची अपेक्षा होती.

बोलले ते नाना. वल्ह्यावर सारा भार देऊन नाव जागच्या जागी धरत ते ओरडले, "अर्धं ठिवू नगंस, लेका! मुळासकट काढ. न्हाईतर फिरून फुटंल."

गोंद्याने बापाकडे पाहिले. नानांचे डोळे वरच्या दगडावर खिळले होते, आणि ते भरून आले होते. गोंद्याने पुन्हा सळी लावली आणि अखेरचा तंतू निघेपर्यंत तो थांबला नाही. मग एकाने नाव धरली, दुसऱ्याने चुना भरला, असे बाप आणि मुलगा यांनी मिळून तो सांधा बुजवला. नावेच्या टोकाशी बसून बुवा हात जोडून होते.

त्या पिंपळाला नानांनी स्वतःच्या हाताने, वडारांची पाले होती त्या माळावर जागा दिली.

पुढे बुवा गेले. पण पाऊस ओसरला, की नदीकाठचे लोक एक नाव पुलाखाली जाताना बघत. वल्ह्यावर नाना असत, सळी गोंद्याच्या हाती असे. "सरकारचा हुकूम आहे का रे?" असे कोणी विचारले, तर गोंदा हसून नाही म्हणे. बुवांनी त्याला उभा जन्म जे शिकवले, ते त्याला आता एका वाक्यात सांगता येत होते. उपकार करणाऱ्याचे पाय धरायला मिळाले नाहीत, तर त्याने केलेले काम तरी धरून ठेवावे.