बटण दाबताना

फरशी कापायच्या कटरची चकती फुटली आणि केराबाईच्या नवऱ्याचं एक बोट गेलं. म्हणून नवं कटर घ्यायला ती स्वतःच दुकानात आली.

"परदेशी माल आहे, बाई. तुम्हाला काय कळणार त्यातलं?" शेठ हसला.

"काहीच नाही. चालवून दाखवा."

शेठने ऐटीत कटर उचललं, स्वतःचं तोंड भिंतीकडे फिरवलं, डोळे मिटले आणि मग बटण दाबलं. चकती गरगर फिरली.

"बघितलंत?"

"बघितलं. कटरचं नाही कळलं, शेठ, तुमचं कळलं. ज्या कटरवर विकणाऱ्याचाच भरवसा नाही, त्याच्यासमोर माझ्या नवऱ्याने दिवसभर वाकून बसायचं होय?"

शेठने आतल्या फळीवरचं दुसरं कटर काढलं.

"आता याच्याकडे बघत दाबा," केराबाई म्हणाली.